अर्धं म्हणजे किती?

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आबा कोळपत होते. सण असला तरी वापसा सणासाठी थांबत नाही, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. मोहोळहून सीनेकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं थोडं काळं रान आहे. कालव्याचं पाणी तिथवर पोचत नाही आणि विहीर जनावरांपुरतीच. सप्टेंबरच्या शेवटी पेरलेला शाळू तेव्हा गुडघ्याला लागला होता. जुन्या सायकलीचं चाक लावलेलं कोळपं दोन ओळींच्या मधून पुढं सरकायचं, पास मातीत दोन बोटं शिरायची आणि मागं भुसभुशीत मातीचा गडद पट्टा उमटत जायचा.

भाची चहाची किटली घेऊन माझ्याबरोबर आली होती. आबा बांधावर टेकले, पटक्याच्या शेवानं मान पुसली आणि कोळपलेल्या तासांकडं बघत म्हणाले, "एक कोळपणी, अर्धं पाणी."

ही म्हण मी कळत्या वयापासून ऐकत आले आहे. ऐकायची, मान डोलवायची आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच मी आजवर केलं. आठवीतल्या भाचीनं मान डोलवली नाही. कपात चहा ओतता ओतता तिनं विचारलं, "आबा, अर्धं म्हणजे किती?"

"किती म्हंजे? अर्धं म्हंजे अर्धं."

"पण कुणी मोजलंय का?"

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मोजलं न्हाई. बघितलंय."

मोजणं आणि बघणं यांच्यामधल्या त्या एवढ्याशा जागेत पुढचे अडीच महिने आमचं घर राहायला गेलं.

परत येताना तिनं सांगितलं, की शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी नावं मागितली आहेत. मोबाइलवर तिनं विषयांची यादी उतरवून घेतली होती. ज्वालामुखी, पवनचक्की, आपोआप उघडणारी कचरापेटी, मातीविना शेती. शहरातल्या काही दुकानांत यातले बरेचसे तयार मिळतात, तारा जोडलेले, रंग दिलेले, सोबत पाठ करायचा कागदही. "वर्गातल्या दोघांनी ज्वालामुखी घेतलाय," ती म्हणाली. "आत्या, आबांचं अर्धं पाणी प्रकल्प म्हणून चालेल का?"

मी लगेच हो म्हणाले नाही. मला माझी नववी आठवली होती.

नववीत मीही प्रदर्शनात भाग घेतला होता. विषय होता ठिबक सिंचन. थर्माकोलचं शेत, त्यावर हिरव्या कागदाची रोपं, सलाइनच्या नळ्या आणि वर टांगलेली बाटली. ते सगळं माझ्या चुलतभावानं बनवलं होतं. अक्षर चांगलं म्हणून तक्ते मात्र मी लिहिले. एका तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाण्याची पन्नास टक्के बचत'. परीक्षक आले. त्यातल्या एका वयस्कर सरांनी नळीतून पडणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं आणि शांतपणे विचारलं, "बाळ, हे पन्नास टक्के कुणी मोजले?" मी म्हणाले, पुस्तकात आहे. "तुझ्या या बाटलीतून तासाला किती पाणी जातं?" मला माहीत नव्हतं. बाटली माझ्यासमोर तीन दिवस ठिबकत होती, भिंतीवर घड्याळ होतं, कंपासपेटीत पट्टी होती. मी मोजलं नव्हतं. त्या वर्षी मला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र आईनं चौकटीत घालून लावलं. पण त्या भिंतीखालून जाताना मला क्रमांक आठवत नाही, ते थेंबाखाली धरलेलं बोट आठवतं.

म्हणून त्या संध्याकाळी मी भाचीला म्हटलं, "चालेल. पण एक अट आहे. जे निघेल ते लिहायचं."

आमच्याकडच्या माणसाला काळ्या मातीबद्दल सांगायला लागत नाही, पण तिच्या पोटात काय चालतं ते मीही या निमित्तानं नीट वाचलं. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. चांगल्या खोल काळ्या जमिनीचा एक मीटरचा थर पिकाला उपयोगी पडेल असं पंधरा ते वीस सेंटिमीटर पाणी धरून ठेवतो. रब्बीचा शाळू या शिलकीवर जगतो. पाऊस पडून गेल्यावर तो पेरायचा, आणि थंडीत आभाळ कोरडं असताना त्यानं जमिनीतली ओल खाली खाली शोधत जायची. खरिपाचं पीक येणाऱ्या पावसाकडं बघतं, रब्बीचं पीक येऊन गेलेल्या पावसावर उभं असतं. वरून काही मिळणार नाही हे ठरलेलं असलं, की आहे ते हवेत उडू न देणं एवढीच शेती माणसाच्या हातात उरते. कोळपणी ती शेती आहे. आमच्याकडे शाळूला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपतात. तण निघतं, भेगा बुजतात आणि वरच्या मातीची दुलई होते.

ही दुलई काय करते, ते भाचीला सांगायला दिवाळीच मदतीला आली. उंबऱ्यावरच्या पणतीतली वात मी तिला दाखवली. तेल तळाशी, ज्योत टोकाला, आणि मधे धाग्यांतल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतं. घट्ट बसलेल्या मातीतही अशाच बारीक वाती असतात. खालचं पाणी त्यांतून वर येतं आणि उन्हाला लागून उडतं. कोळपं या वाती वरच्या दोन बोटांत तोडून टाकतं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "हे पटलं. पण पटलं म्हणजे मोजलं नाही ना?"

तेव्हा मोजायचं कसं, यावर आम्ही बसलो.

प्रकल्पात खरा जीव असतो तो या बसण्यात, असं मला आता वाटतं. प्रदर्शनाच्या टेबलावर त्यातलं काहीच दिसत नाही. पहिला विचार सोपा होता. दोन डबे घ्यायचे, दोन्हींत सारखी माती, सारखं पाणी, एक कोळपायचा, एक तसाच ठेवायचा आणि रोज वजन करायचं. वजन जितकं घटलं तितकं पाणी उडालं. तिचा थोरला भाऊ म्हणाला, "आणि एक डबा गळका निघाला तर?" म्हणून दोनाचे सहा झाले, तीन कोळपायचे आणि तीन तसेच. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे गल्लीतल्या वडेवाल्याकडून आणले. माती रानातलीच आणली, ढेकळं फोडून चाळून घेतली आणि प्रत्येक डब्यात पंधरा किलो भरली. पाणी मापानं घातलं. भुसार दुकानदारानं आपला जुना तीस किलोचा काटा दिला. तो पाच ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवायचा, आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

डबे माळवदावर ठेवायचे ठरलं. तिथं तिनं स्वतःच एक अडचण हेरली. कठड्याकडच्या डब्यांवर सकाळी तासभर सावली पडत होती. कोळपलेले तिन्ही डबे जर सावलीत आले, तर पाणी कोळप्यानं वाचलं की सावलीनं, हे कसं कळणार? मग रोज वजन झालं की चिठ्ठ्या टाकायच्या आणि चिठ्ठी सांगेल त्या जागी डबा ठेवायचा, असं ठरलं. वाटीतल्या सहा चिठ्ठ्या बघून मला फार बरं वाटलं. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेडच्या शेतकी केंद्रावर १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती कामाला लागला. शेतातल्या प्रयोगात कोणत्या वाफ्याला काय द्यायचं हे माणसानं ठरवू नये, चिठ्ठीवर सोडावं, कारण आपल्या मनातला कल नकळत हातात उतरतो, ही शिस्त त्यानं घालून दिली. आपल्याकडे ती शिस्त शेतकी कॉलेजातल्या पिढ्यांना शिकवली ती वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या पुस्तकानं. ते १९५४ साली आलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जगभर औषधापासून साबणापर्यंत सगळ्याची पारख आज ज्या रीतीनं होते, तिचं मूळ असं नांगरटीच्या रानात आहे. मोहोळच्या माळवदावरची ती वाटी त्याच रीतीतली होती, आणि ती कुणी न सांगता एका मुलीला सावलीमुळं सुचली होती.

आबांनी सगळी तयारी बघितली आणि एवढंच म्हणाले, "डब्यातली माती म्हंजे रान न्हवं."

बोलणं खरं होतं. डब्यात मुळं नव्हती, उतार नव्हता, खाली मुरूम नव्हता. म्हणून रानातही एक पट्टा सोडायचं ठरलं. सहा ओळींचा पट्टा, ज्याला पुढची कोळपणी द्यायची नाही. कोरडवाहू शेतकऱ्याकडं हे मागणं सोपं नाही. त्या सहा ओळींत त्याचा कडबा असतो आणि भाकरीही असते. आबांनी बांधावरून दोन फेऱ्या मारल्या आणि पट्टा दाखवला. तो रानातला चांगला भाग होता, कडेचा भरड नव्हता. "वंगाळ रान दिलं तर तुझं माप खोटं पडंल," ते म्हणाले. फिशरचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही.

मग पुढची गाठ पडली. न कोळपलेल्या पट्ट्यात तण वाढणार आणि तेही पाणी पिणार. मग पाणी हवेत उडालं की तणानं प्यालं? दोन दिवस ती यावर अडून बसली होती. शेवटी तिनं ठरवलं, की त्या पट्ट्यातलं तण विळ्यानं जमिनीलगत कापायचं, माती हलवायची नाही. सुट्टीतल्या दुपारी ती आणि तिची आई वाकून ते कापत होत्या. दोन कारणं एकमेकांत गुंतली असतील तर एकाला हात न लावता दुसरं बाजूला काढायचं, हे मी कॉलेजात शिकले होते. ते इतकं कंबर दुखवणारं काम असतं हे मात्र त्या दिवशी पाहिलं.

मी पुण्याला परतले. रोज सकाळी सातच्या सुमाराला फोनवर सहा आकडे यायचे. बँकेत दिवसभर मी आकड्यांतच असते, पण ते सहा आकडे येईपर्यंत चहा गोड लागायचा नाही.

पहिल्या आठवड्यातच रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. "आत्या, उलटं होतंय. कोळपलेले डबेच जास्त हलके होतायत. चारही दिवस." थोडं थांबून तिनं हळूच विचारलं, "पहिले चार दिवस सोडून पाचव्यापासून लिहिलं तर चालेल का? कुणाला कळणार नाही."

माझ्या डोळ्यांपुढं थेंबाखाली धरलेलं बोट आलं. मी तिला रागावले नाही. तिचा मोह मला परका नव्हता आणि तो चांगल्या इच्छेतून आला होता. तिला आबा खरे ठरायला हवे होते. मी तिला विचारलं, "धुणं कसं लवकर वाळतं? पिळा तसाच ठेवला तर की पसरलं तर?" पलीकडं शांतता झाली. मग ती म्हणाली, "पसरलं तर." कोळपल्यावर ओली माती उकरून वर येते, तिला जास्त हवा लागते, ती आधी झपाट्यानं वाळते. ती वाळून कोरडी झाली की मगच तिची दुलई होते. म्हणजे आधी थोडं पाणी गमावायचं आणि नंतर बरंच राखायचं. "मग हे चार दिवस चूक नाहीत?" "नाहीत. तेच तर तुला नव्यानं सापडलेलं आहे." आपल्या मनाविरुद्ध आलेला आकडा बहुधा काहीतरी सांगायला आलेला असतो. त्याला दारातून परत पाठवलं, की ज्ञानही त्याच्याबरोबर निघून जातं.

नवव्या दिवशी रेषा एकमेकींना ओलांडून गेल्या. तिनं आलेखाच्या कागदाचा फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं, फक्त त्या छेदावर पेन्सिलीनं एक गोल केला होता.

याच दिवसांत मला आमच्या गावाची एक गोष्ट सारखी आठवत राहिली. मोहोळला शाळूच्या संशोधनाचं केंद्र आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली झालं. मोहोळचं काम त्याच्याही फार आधीचं. इथं १९३०च्या दशकात शेतकऱ्यांच्या रानातल्या मालदांडी ज्वारीतून निवड करत करत एक वाण पुढं आणला गेला, मालदांडी ३५-१. मोत्यासारखा टपोरा, चमकदार दाणा, गोड भाकरी, जनावरं आवडीनं खातात असा कडबा. नवे वाण आले, गेले, पण दक्खनच्या कोरड्या रब्बी पट्ट्यात हा वाण पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेला आणि आजही पेरला जातो. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं तेही १९३३ साली, त्याच काळात. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

निवड पद्धत म्हणजे काय? रानातून फिरायचं, वेगळं वाटणारं कणीस हेरायचं, त्याचं बी वेगळं ठेवायचं, वेगळ्या ओळीत पेरायचं, शेजारच्या ओळीशी ताडून बघायचं, लिहून ठेवायचं आणि बहुतेक सगळं टाकून द्यायचं. पुढच्या साली पुन्हा तेच. यात यंत्र नाही, दिवा लागत नाही, धूर निघत नाही. ३५-१ हा आकडा मला नेहमी कुणाच्या तरी नोंदवहीच्या पानावरून उठून आल्यासारखा वाटतो. ज्यांनी त्या ओळी मोजल्या त्यांची नावं आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या वहीतला तो आकडा आमच्या तव्यावर रोज फुगतो. लहानपणी शाळेत आम्हाला शास्त्रज्ञांचे धडे होते आणि त्या धड्यांतली गावं सगळी दूरची होती. घरची भाकरी हाच आमच्या गावात पार पडलेला एक प्रकल्प आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी थर्माकोलच्या शेताऐवजी खऱ्या रानात गेले असते, असं वाटतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोजणी संपली. तिनं हिशेब केला आणि फोनवर कोरड्या आवाजात सांगितलं, "आत्या, म्हण खोटी निघाली. कोळपलेल्या डब्यांत सरासरी आठशे ग्रॅम पाणी जास्त राहिलं. पण डब्यात घातलं होतं पाच किलो. अर्धं म्हणजे अडीच किलो वाचायला हवं होतं."

मी काही बोलायच्या आत फोन आबांनी घेतला होता. त्यांनी मागून सगळं ऐकलं होतं. "आगं, अर्धं पाणी म्हंजे रानातलं अर्धं न्हवं," ते म्हणाले. "आपुन पाणी देतो का न्हाई? गव्हाला सा पाणी लागत्यात म्हंतो. त्यातलं एक पाणी. त्याचं अर्धं."

मी फोन धरून उभी राहिले. चाळीस वर्षं ही म्हण ऐकत होते आणि तिचा अर्थ मला आज कळत होता. शेतकऱ्याच्या बोलण्यात पाणी हे माप आहे. एक पाणी, दोन पाणी, शेवटचं पाणी. बारं सुटलं की रान एकदा पूर्ण भिजवायचं, ते एक पाणी. शाळेच्या भाषेत पाणी हा पदार्थ असतो, आबांच्या भाषेत ते एकक होतं. आम्ही दोघी चुकीच्या अर्ध्याला चुकीच्या पूर्णाशी ताडत होतो. दीड महिना वजनं घेतली, सावली टाळली, तण कापलं, आणि जो शब्द मोजायचा होता तोच विचारायचा राहिला होता.

रात्री आम्ही फोनवर नव्यानं हिशेब मांडला. काळ्या रानाला एक पाणी म्हणजे साधारण सहा ते आठ सेंटिमीटर. सहाच धरलं तर अर्धं म्हणजे तीन सेंटिमीटर. डब्याचं तोंड तेवीस सेंटिमीटर चौरस, म्हणजे क्षेत्रफळ पाचशे एकोणतीस. त्यावर तीन सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलो सहाशेच्या आसपास. आमच्या डब्यात वाचलं आठशे ग्रॅम. "म्हणजे बरोबर पाव पाणी," ती हळूच म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "पाव पाणी, आत्या." शाळेत शिकलेलं घनफळ आणि आजोबाची म्हण पहिल्यांदा एका ओळीत लिहिली गेली होती.

रानातल्या नोंदीही तिनं ठेवल्या होत्या. दोन्ही पट्ट्यांतून पहारीनं वीतभर आणि दोन वीत खोलीवरची माती काढायची, झाकणाच्या डबीत घालून लगेच तोलायची, मग सुकवून पुन्हा तोलायची. प्रयोगशाळेत माती एकशे पाच अंशांवर दिवसभर ठेवतात. तिच्याकडं भट्टी नव्हती. वहिनींनी जुन्या कढईत वाळू तापवून त्यात डब्या ठेवल्या, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत मंद आचेवर राहू दिल्या. वरच्या वितीत दोन्ही पट्टे जवळजवळ सारखेच कोरडे निघाले. फरक होता तो खालच्या वितीत. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मुळी तिथंच जाती की."

जानेवारीत तालुक्याचं प्रदर्शन भरलं. मी रजा काढून गेले. मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, दिव्यांच्या माळा, फिरणारी चाकं, बोलणारे पुतळे. या प्रदर्शनांमागं मोठी रचना आहे. तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून राज्याला आणि तिथून राष्ट्रीय पातळीवर. एनसीईआरटीची राष्ट्रीय प्रदर्शनं १९७१पासून चालत आली आहेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाली, आणि तिच्यात तर मुलांनी आपल्या परिसरातलाच प्रश्न घेऊन शोध घ्यायचा असतो. शाळकरी मुलांच्या निवडलेल्या कल्पनेला इन्स्पायर मानक योजनेतून दहा हजार रुपये मिळतात. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून विज्ञान मायबोलीत आणायला झटते आहे. वाटा आहेत. त्या वाटांवर मुलानं कुणाचा प्रश्न घेऊन चालायचं, एवढंच घरानं आणि शाळेनं सांभाळायचं असतं.

भाचीच्या टेबलावर मातीचे सहा डबे, एक काटा, एक वही आणि आलेखाचे दोन कागद होते. मुलं थांबत नव्हती, हे मी दुरून बघत होते आणि मला वाईट वाटत होतं. मग एक परीक्षक बाई आल्या. त्यांनी मॉडेल कुठं आहे म्हणून विचारलं नाही. वही उचलली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. पहिल्या चार दिवसांवर त्यांचं बोट थांबलं. "हे उलटं आलं होतं?" "हो." "मग खोडलं नाहीस?" भाचीनं पिळ्याचं आणि पसरलेल्या धुण्याचं सांगितलं. बाईंनी विचारलं, "मग म्हण खरी की खोटी?"

ती म्हणाली, "बाई, माझ्या डब्यात पाव पाणी वाचलं. आबा अर्धं म्हणतात. उरलेलं पाव कुठं आहे ते मला अजून माहीत नाही."

माझ्या नववीतल्या त्या सरांना हे उत्तर ऐकवावं असं मला फार वाटलं. माहीत नाही, हे त्या दिवशी मीही म्हणाले होते. पण माझं ते न मोजल्यानंतरचं होतं आणि तिचं मोजल्यानंतरचं. या दोन माहीत-नाहींमध्ये मला सगळं विज्ञान शिक्षण दिसतं.

दुसऱ्या दिवशी भोगी होती. सकाळीच आम्ही रानात गेलो. शाळू डोक्याच्या वर गेला होता, कणसं हुरड्यावर आली होती. आबा आम्हाला सरळ त्या सोडलेल्या पट्ट्यात घेऊन गेले आणि ताटं बाजूला करून जमीन दाखवली. तिथं भेग पडली होती, मनगट जाईल एवढी रुंद. बाजूच्या कोळपलेल्या तासांत बारीक चिरा होत्या, वरच्या भुसभुशीत मातीनं बुजत आलेल्या.

"तुझ्या डब्याला ह्या कुठं हुत्या?" आबा म्हणाले.

भाची भेगेजवळ गुडघ्यांवर बसली. रान आतूनही वाळत होतं, फक्त वरून नाही. भेगेच्या दोन्ही भिंती उन्हाला आणि वाऱ्याला उघड्या होत्या, आणि कोळपं ते दार लोटून घेत होतं. चाळून भरलेल्या पंधरा किलो मातीत हे दार कधी उघडलंच नव्हतं. तिनं फ्रॉकच्या खिशातून सुतळी काढली. घरून निघतानाच तिनं ती घेतली असावी, कारण तिला दर पाच सेंटिमीटरला गाठ मारलेली होती आणि टोकाला एक लहान खडा बांधला होता. आबांनी भेगेवर वाकून मोबाइलचा उजेड धरला. ती सुतळी सोडत गेली आणि एकेक गाठ मोजत गेली. मी वही उघडली, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि ती सांगेल तो आकडा लिहायला पेन टेकवून थांबले.